पाळीची तारीख

पाळीचं चक्र रक्तस्राव सुरू होतो त्या दिवसापासून मोजतात. तो पहिला दिवस. तिथून पुढची पाळी येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र पुरं होतं. स्त्रीरोगाच्या केसपेपरवर नाव-गाव-वय झालं की 'एल.एम.पी.' ही अक्षरं येतात आणि त्यांच्यापुढे शेवटच्या पाळीची तारीख लिहायला जागा असते. बाळंतपणाची तारीखही तिच्यावरूनच काढतात, नऊ महिने आणि सात दिवस पुढे मोजून. नेगेले या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलेला हा हिशोब सोनोग्राफीच्या काळातही टिकून आहे.

घोरावाडीपासून लोणावळ्यापर्यंत मावळातल्या कुठल्याही दवाखान्यात हा प्रश्न विचारला जातो, आणि जुन्या वळणाच्या बायकांचं उत्तर सणावारानं येतं. 'घट बसायच्या आदल्या दिवशी.' 'संकष्टी झाली ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी.' मग नर्स भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटते, तिथी शोधते आणि तारीख लिहिते. १९७३ साली 'कालनिर्णय' निघालं तेव्हापासून तिथी आणि तारीख एका चौकोनात घेऊन ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकलेलं आहे. त्याच चौकोनात दुधाचे खाडे लिहितात, गॅस कधी लावला ते लिहितात, आणि महिन्यातून एकदा कोपऱ्यात पेन्सिलीचं एक बारीक टिंब पडतं. दुधाच्या खाड्यापुढे 'दूध' असं लिहिलेलं असतं. टिंबापुढे काहीच लिहिलेलं नसतं.

शास्त्रालाही पाळी कळू लागली ती अशाच टिंबांवरून. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲलन ट्रेलोअर यांनी १९३४पासून विद्यार्थिनींना दर महिन्याची तारीख लिहून पाठवायला सांगितलं. नोंदी तीस वर्षांहून जास्त चालल्या. १९६७मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा हाताशी २,७००हून अधिक स्त्रियांच्या तारखा होत्या. न्हाण आल्यानंतरची काही वर्षं आणि पाळी जाण्याआधीची काही वर्षं चक्र सर्वांत अस्थिर असतं, हे त्यातून ठाम झालं. २०१९मध्ये मोबाइल ॲपवरच्या ६ लाख १२ हजार चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली आणि नेमकं २८ दिवसांचं चक्र जेमतेम १३ टक्के निघालं. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत मात्र ते आजही अठ्ठावीसच दिवसांचं असतं, आणि तिसाव्या दिवशी पाळी आलेली मुलगी 'उशीर झाला' म्हणून घाबरते.

पुणे जिल्ह्यातलं या जातीचं काम खूप मोठं आहे, पण ते पाळीचं काम म्हणून कुणाला आठवत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. गर्भ राहण्याच्या आधीपासून आईचं वजन, उंची आणि आहार टिपायचा, म्हणजे गर्भ कधी राहिला ते वेळेवर कळायला हवं. त्यासाठी गावातल्याच कार्यकर्त्या २,४६६ विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. लागोपाठ दोन तारखा चुकल्या की पुढे सोनोग्राफी. मुलं सरासरी २.७ किलोची जन्मली. ज्या आया पालेभाज्या, फळं जास्त खात होत्या त्यांची बाळं अंगानं बरी होती, असं त्यातून पुढे आलं. भारतीय बाळ दिसायला रोड, पण अंगातल्या चरबीचं प्रमाण जास्त, आणि पुढच्या मधुमेहाची बीजं तिथेच, हा याज्ञिकांचा जगभर गाजलेला विचार याच नोंदींवर उभा आहे. ज्या घरात सासऱ्यासमोर 'पाळी' हा शब्द निघत नसे, त्या घराच्या ओसरीवर महिन्याच्या महिन्याला ही विचारपूस होत होती.

शरीरात चक्र चालतं ते असं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पीयूषिका ग्रंथीला इशारा मिळतो. पीयूषिकेची संप्रेरकं रक्तातून बीजकोशापर्यंत पोचतात आणि तिथल्या काही पुटकांपैकी एक वाढीला लागतं. वाढणारं पुटक इस्ट्रोजेन तयार करतं. त्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. इस्ट्रोजेन पुरेसं चढलं की पीयूषिकेतून 'एलएच'ची एकच मोठी लाट येते, पुटक फुटतं आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. फुटलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन सोडतो आणि अस्तर गर्भ रुजण्याजोगं मऊ, रसरशीत करून ठेवतो. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड आटतो, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि अस्तराचा आधार सुटतो. म्हणून पुढच्या पाळीपासून मागे साधारण चौदा दिवस मोजले की बीज सुटल्याचा दिवस हाती लागतो. गेल्या पाळीपासून पुढे मोजून तो दिवस भरवशाचा मिळत नाही, आणि घरगुती हिशोब चुकतात ते इथेच.

अस्तर सुटतं म्हणजे नेमकं काय होतं, ते माकडांच्या डोळ्यात पाहिलं गेलं. मार्की या अमेरिकी शास्त्रज्ञानं ऱ्हीसस माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे तिच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रुजवले आणि पारदर्शक पडद्यातून महिनोन् महिने निरीक्षण केलं. त्याचं वर्णन १९४०मध्ये छापून आलं. पाळीच्या आधी अस्तर आकसतं, त्यातल्या मळसूत्री रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मग सैल पडतात आणि रक्त सुटतं. पाळी येणारे प्राणी फार थोडे आहेत. माणूस, वानरवर्गातले काही, काही वटवाघळं आणि एकदोन उंदरांसारखे जीव. गाय, कुत्री, मांजर यांना पाळी येत नाही. कुत्रीला रक्त दिसतं ते माजावर येतानाचं, त्याचं कारण अगदी वेगळं.

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर अतिस्राव धरतात. पोटात कळा येतात त्यामागे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. पिकल्स या ब्रिटिश संशोधकाला १९५७मध्ये पाळीच्या स्रावात स्नायू आकुंचित करणारं द्रव्य सापडलं, त्याआधी कित्येक डॉक्टर या कळांना 'मनाचे खेळ' म्हणत. घरोघरच्या आज्यांनी मात्र असं काही म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्या ओव्याचं पाणी आणि शेक द्यायच्या.

बीज चक्राच्या मध्यावर सुटतं, हे कळायला १९२०चं दशक उजाडावं लागलं. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी ते स्वतंत्रपणे दाखवलं. तोवर युरोपातले नामवंत डॉक्टरही पाळीच्या लगतचे दिवस गर्भधारणेचे आणि मधले दिवस सुरक्षित असं सांगत, म्हणजे नेमकं उलटं. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हा हेच अंधारलेलं ज्ञान जगाच्या हाती होतं. १९२७पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवताना त्यांनी स्त्रीशरीराबद्दल मराठीत ज्या कोरड्या, नेमक्या भाषेत लिहिलं ती भाषा पुढच्या पन्नास वर्षांतल्या शालेय पुस्तकांनाही जमली नाही.

आयुर्वेदानं मोजदाद बारकाईनं केली होती. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला जाते असं म्हटलं आहे, जे आजही फारसं चुकीचं ठरत नाही. धर्मशास्त्रानं पाळीच्या पहिल्या दिवसापासून सोळा रात्रींचा ऋतुकाल धरला आणि त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य ठरवल्या. या चार रात्रींवरून 'चार दिवस' हा शब्दप्रयोग आला असावा, आणि या सोळा रात्रींवरून १८९१ साली पुण्यात रण माजलं.

कलकत्त्यात फुलमणी नावाची बालवधू १८९०मध्ये नवऱ्याच्या संभोगानं मेली. सरकारनं संमतीवय दहावरून बारावर नेण्याचं विधेयक आणलं. टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारनं धर्मात हात घालू नये, आणि ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान संस्कार व्हायला हवा, बाराच्या आत ऋतू आला तर काय, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनं काढून दाखवली की पहिल्याच ऋतूत गर्भाधान झालं पाहिजे अशी सक्ती नाही. सभा झाल्या, पत्रकं निघाली, सभांमध्ये दंगेही झाले. मार्चमध्ये कायदा झाला. या सगळ्या काळात पुण्याची वर्तमानपत्रं मुलींना न्हाण कोणत्या वर्षी येतं यावर रकानेच्या रकाने भरत होती. ज्यांच्याबद्दल लिहिलं जात होतं त्यांचं मत मागायचं फारसं कुणाला सुचलं नाही.

पाळीबद्दल बोलायचं नाही ही रीत फार पुरातन आहे असं समजतात. ते पुरतं खरं नाही. मुलीला न्हाण आलं की तिला मखरात बसवत, ओटी भरत, गोडधोड करत, वाजंत्री लावत; साऱ्या आळीला कळे. मुलगी तेव्हा लग्न झालेली असायची आणि हा समारंभ ती सासरी नांदायला तयार झाल्याचा होता. लग्नाचं वय पुढे गेलं तसं न्हाण माहेरी, अविवाहित मुलीला येऊ लागलं. आता गाजावाजा करून सांगायचं कुणाला? मखर माळ्यावर गेलं आणि 'कावळा शिवला' आलं. पाळीचा विटाळ जुना आहे. तिची कुजबुज मात्र बऱ्याच अंशी विसाव्या शतकातली, शिकलेल्या मध्यमवर्गाची.

विटाळाला विरोधही तितकाच जुना. तेराव्या शतकात चक्रधरांनी आपल्या शिष्यांना सांगितलं की शरीराच्या इतर द्वारांतून जसं काही बाही स्रवतं तसंच हे. त्याचा वेगळा विटाळ धरू नये. त्यांच्या महानुभाव पंथानं स्त्रियांना संन्यास दिला त्यात या विचाराचा वाटा आहे. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिनं चौदाव्या शतकात अभंगातून विचारलं की विटाळ देहातच उपजतो, विटाळावाचून देह घडतच नाही, तर मग सोवळा कोण? जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ तिनं एकाच प्रश्नात धरले, कारण दोन्ही तिच्याच अंगावर होते.

घोरावाडी स्टेशनाजवळचा घोरावडेश्वराचा डोंगर याहून जुनी एक गोष्ट सांगतो. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तिथल्या महादेवाला गर्दी होते, पण ती मुळात शेलारवाडीची बौद्ध लेणी. तिथल्या शिलालेखानुसार एक लेणं धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची बायको सिआगुतणिका हिनं, मुलगा नंद याच्यासह, दान दिलं. दुसऱ्या एका लेखात प्रव्रजितेचा, म्हणजे भिक्षुणीचा, उल्लेख येतो. भिक्षुणींसाठीच्या विनयात 'आवसथचीवर' नावाच्या वस्त्राचा नियम आहे. पाळीत वापरायचं हे संघाच्या मालकीचं वस्त्र. दोनतीन दिवस वापरावं, चौथ्या दिवशी धुऊन पुढचीला द्यावं. थुल्लनंदा नावाच्या भिक्षुणीनं ते अडकवून ठेवलं म्हणून नियम करावा लागला, अशी कथा. इथेही चारच दिवस आहेत, पण हिशोब कापडाच्या वाटणीचा आहे.

घराघरांत मात्र विटाळाचा हिशोब चालला. भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येणारी ऋषिपंचमी त्याचं वार्षिक खातं. पाळीच्या दिवसांत कळत नकळत शिवाशिव झाली असेल तर तिचं पाप फिटावं म्हणून हे व्रत. त्याच्या कथेतली बाई विटाळ न पाळल्यामुळे पुढच्या जन्मी कुत्री होते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मक्याच्या कणसांची एकत्र भाजी होते. आज ऋषीची भाजी सगळ्यांना हवी असते, तिची पाककृती दर भाद्रपदात फिरते. ती कशाच्या प्रायश्चित्ताची हे विचारलं तर तिशीतल्या बहुतेकींना सांगता येत नाही. रूढी मरते ती बहुधा अशीच, चव मागे ठेवून.

पाळीतल्या बाईनं लोणच्याला हात लावला की लोणचं नासतं, फुलझाडाला शिवली की झाड जळतं, हा समज आपल्याकडचाच नाही. घटसर्पाच्या चाचणीसाठी ख्यातनाम झालेल्या व्हिएन्नाच्या बेला शिक यांनी १९२०मध्ये लिहिलं की पाळी आलेल्या मोलकरणीच्या हातात दिलेली फुलं लवकर सुकली, तेव्हा पाळीच्या काळात शरीरातून 'मेनोटॉक्सिन' हे विष बाहेर पडत असणार. या विषाचा शोध प्रयोगशाळांतून कितीतरी वर्षं चालला. विटाळाला शास्त्रीय वळणाचं नाव मिळालं, एवढंच निष्पन्न. शिक यांना मावळात यायला हवं होतं. तळेगावच्या पुष्पोद्यानात आणि आसपासच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची तोडणी, प्रतवारी आणि बांधणी मोठ्या प्रमाणात बायका करतात. व्हॅलेंटाइन डेच्या आधीच्या पंधरवड्यात कामाला श्वास नसतो. महिन्याचे कुठले दिवस आहेत हे विचारायला कुणाला सवड नसते. ती फुलं शीतपेट्यांतून परदेशी जातात आणि ताजी पोचतात.

'बाहेर बसणं' मावळातून, आणि एकूण महाराष्ट्रातल्या मोठ्या भागातून, गेलं ते हार्मोनचं ज्ञान झाल्यामुळे नव्हे. बाहेर बसायला घराला बाहेर लागतं. वाड्याला पडवी होती, बाजूची खोली होती, स्वयंपाकाला दुसरी जाऊ होती. चाळीतल्या एका खोलीत, पुढे वन रूम किचनमध्ये यातलं काही नव्हतं. नवरा-बायको-मुलं एवढंच कुटुंब असेल तर चार दिवस भाकरी कोण थापणार? पुणे-लोणावळा लोकल १९७८मध्ये सुरू झाली आणि बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत अशा स्टेशनांवरून बायका कामाला, कॉलेजला जाऊ लागल्या. लोकलच्या गर्दीत शिवाशिव पाळायची कशी? रोजगार, जागा आणि गाडीचं वेळापत्रक या तिघांनी मिळून जे केलं ते शंभर व्याख्यानांना जमलं नसतं. शिवाय आई पाळत नाही म्हटल्यावर मुलीला शिकवायला कुणी उरलं नाही.

देवघराचा उंबरठा मात्र राहिला. त्यासाठी रसायनशास्त्र मदतीला आलं. नॉरएथिस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन १९५१ साली मेक्सिकोतल्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि गर्भनिरोधक गोळीच्या इतिहासात त्याला मोठं स्थान आहे. महाराष्ट्रात त्याची दुसरी ओळख म्हणजे पाळी पुढे ढकलायची गोळी. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा घ्यायची. बंद केली की दोनतीन दिवसांत पाळी येते. बाहेरून प्रोजेस्टेरॉन मिळत राहिलं की अस्तराचा आधार सुटत नाही, एवढी साधी युक्ती. गौरी-गणपतीच्या आधी, नवरात्रात, सत्यनारायण किंवा लग्नाच्या तोंडावर, कार्ल्याच्या एकवीरेच्या चैत्री यात्रेआधी औषधाच्या दुकानात तिची मागणी वाढते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं हे औषध चिठ्ठीवाचूनही मागितलं जातं. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असेल तर ते धोक्याचं ठरतं, हे कागदावर लिहिलेलं असतं आणि दुकानात क्वचित बोललं जातं. विज्ञानानं विटाळ हटवला असं म्हणणाऱ्यांनी ही चिवट गोळी ध्यानात ठेवावी. इथे तिनं विटाळाची उत्तम सोय लावून दिली आहे.

वारीचा मार्ग वेगळा निघाला. घोरावाडीपासून जवळच्या देहूतून निघणारी पालखी पंढरपूरला पोचायला सुमारे तीन आठवडे लागतात. इतक्या दिवसांत चालणाऱ्या हजारो जणींना वाटेतच पाळी येणार, हे साधं गणित आहे. राज्य महिला आयोगानं २०२२पासून 'आरोग्यवारी' सुरू करून पालखी मार्गांवर स्वच्छतागृहं आणि सॅनिटरी पॅडची सोय करायला घेतली, तेव्हा हे गणित सरकारी कागदावर आलं.

पॅड हा या बदलातला सर्वांत डोळ्यांत भरणारा भाग. जुन्या सुती साडीचे, धोतराचे तुकडे वापरायचे, धुवायचे आणि दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळवायचे ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. कापडात वाईट काही नाही. वाईट होतं ते त्याला ऊन न लागणं. मार्च २०१८मध्ये राज्य सरकारनं 'अस्मिता' योजना काढली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, तेही गावच्या बचत गटाच्या बायकांमार्फत. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या ५८ टक्के मुली स्वच्छ साधनं वापरत होत्या, पाचव्या फेरीत त्या ७७ टक्के झाल्या. मात्र पॅड मिळालं म्हणजे लाज गेली असं होत नाही. दुकानदार अजून ते वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळून देतो. आणि जुलै २०२५मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, तेव्हा कुणाची पाळी चालू आहे हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली.

वापरलेलं पॅड कुठे जातं, हा प्रश्न पुण्यात कचरावेचक बायकांनी विचारला. १९९३मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरचा कचरा हातानं वेगळा करताना उघडी पॅड हाताला लागत. २०१३मध्ये या बायकांनी वापरलेल्या पॅडची पार्सलं करून उत्पादक कंपन्यांना परत पाठवली. २०१७मध्ये 'रेड डॉट' मोहीम आली: पॅड कागदात गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावं लागणार नाही. कॅलेंडरवरच्या टिंबाचा हा सार्वजनिक भाऊ. पण यात एक बोचरी गोष्ट आहे. ज्या घरांनी विटाळ मानायचं सोडलं त्या घरांतला तो बाहेर पडून बादलीत गेला, आणि बादली उचलणारी बहुतेक वेळा दलित बाई आहे. सोयराबाईचा प्रश्न पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकाशी अजून उभा आहे. वापरलेली पॅड निर्जंतुक करून त्यांतलं प्लास्टिक आणि लगदा वेगळा काढणारं यंत्र पुण्यातच 'पॅडकेअर'नं तयार केलं आहे, तरी ते घरोघरी पोचायला वेळ लागेल.

खेड्यातल्या बाईचं दुखणं मोजायचं काम गडचिरोलीत झालं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९च्या 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला: ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी त्यांच्यातल्या जेमतेम ८ टक्के बायकांची अशी तपासणी झाली होती. तोवर कुटुंबनियोजनाच्या पलीकडे ग्रामीण बाईचं गर्भाशय हा आरोग्यखात्याचा विषयच नव्हता. त्याच जिल्ह्यात माडिया गोंडांच्या गावांत पाळीच्या दिवसांसाठी गावाबाहेर 'कुरमाघर' असतं. पडक्या झोपडीत, विजेविना, साप-विंचवाच्या भीतीत बायका राहतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१५मध्ये ही प्रथा मोडायला राज्य सरकारला सांगितलं. काही स्वयंसेवी संस्थांनी उलट वाट धरली आणि कुरमाघर पक्कं बांधून दिलं: पलंग, स्वच्छतागृह, सौरदिवा. प्रथा टिकवायला हातभार लागतो, असा त्यावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. पण पुढच्या पावसाळ्यात तिथे झोपायचं आहे त्या बाईला आक्षेपापेक्षा छप्पर आधी लागतं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांपुढे प्रश्न विटाळापेक्षा खाड्याचा आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकलं की पाचशे रुपयांपर्यंत दंड बसतो. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पहाटेपासून मोळ्या उचलायच्या. अंगावरून जास्त जातं, पोट दुखतं म्हणून बाई दवाखान्यात गेली की 'पिशवी खराब आहे, काढून टाका' हा सल्ला मिळे. २०१९मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अनेकींनी ते तिशीत, चाळिशीच्या आत काढून घेतलं होतं. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. शहरातल्या कंपन्या पाळीची रजा द्यावी की नाही यावर चर्चा करतात. मुंबईतल्या एका कंपनीनं २०१७मध्ये पहिल्या दिवसाची रजा दिली तेव्हा त्याची मोठी बातमी झाली होती. फडातल्या बाईनं पाळीच्या रजेऐवजी पाळीच कायमची काढून टाकली होती.

मुंबईत परळला असलेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्य संस्था १९७०पासून या विषयात आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या ७७८ मुलींमध्ये पाळी अनियमित करणारा पीसीओएस हा बीजकोशाचा विकार किती, ते पाहिलं. 'रॉटरडॅम' व्याख्येनं २२.५ टक्के मुली या आजारात बसल्या, दुसऱ्या कडक व्याख्येनं १०.७ टक्के. मुली त्याच, आजार निम्मा. पाळी दोन महिने आली नाही की घराघरांत उच्चारल्या जाणाऱ्या या चार अक्षरांमागे इतकी मोठी फट आहे, हे सांगायला दवाखान्यात वेळ नसतो.

याच संस्थेनं टाटा मेमोरियल सेंटरबरोबर केलेला आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाळीच्या कापडाचा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला एचपीव्ही हा विषाणू कारण होतो. तो शोधायला आतून तपासणी करावी लागते आणि तिथेच खेड्यातली बाई अडते: वेळ नाही, लाज वाटते, दवाखाना लांब आहे. संशोधकांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या ३० ते ५० वयाच्या स्त्रियांना विचारलं की पाळीत वापरलेलं जुनं कापड आम्हाला द्याल का. आरोग्य कार्यकर्त्यांनी पहिल्या दिवसाचं कापड पिशवीत घेतलं. ते उणे २० अंश तापमानात ठेवलं गेलं आणि परळच्या प्रयोगशाळेत वाळलेल्या रक्तातून डीएनए वेगळा काढला गेला. पाचशेहून अधिक बायकांनी कापड दिलं. त्यांतल्या २४ जणींच्या कापडात विषाणू सापडला.